इन्शुलिनाचा शोध

अग्निपिंडातील लँगरहॅन्स द्वीपकांत तयार होऊन सरळ रक्तात मिसळणारे व रक्तातील ग्लुकोजाचे नियंत्रण करणारे हॉर्मोन म्हणजे इन्शुलीन. १९२२ मध्ये ते उपचारासाठी प्रथम वापरले गेले. तोपर्यंत तीव्र मधुमेह झालेले मूल बहुधा एकदोन वर्षांत दगावत असे. अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन यांच्या अत्यल्प आहाराच्या पद्धतीने आयुष्य काहीसे लांबे, पण रोग्याचा अस्थिपंजर होई.

पाउल लँगरहॅन्स यांनी द्वीपकांचे वर्णन १८६९ मध्ये केले. अग्निपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यास मधुमेह होतो, हे फोन मेरिंग व मिंकोव्हस्की यांनी १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे दाखविले. त्यानंतर अग्निपिंडाचे अर्क अनेकांनी तयार केले. बर्लिनचे त्स्युल्त्सर यांनी १९०८ मध्ये ते रोग्यांवर वापरूनही पाहिले. परंतु विषारी परिणामांमुळे प्रयत्न सोडावा लागला. अडचण कल्पनेची नव्हती, शुद्धीकरणाची होती.

अग्निपिंडाची वाहिनी बांधल्यास पाचक रस स्रवणारा भाग नष्ट होऊन द्वीपके तेवढी उरतील, अशी कल्पना कॅनडातील शस्त्रक्रियातज्ञ फ्रेडरिक बँटिंग (१८९१–१९४१) यांना १९२० मध्ये सुचली. टोराँटो विद्यापीठात मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, चार्ल्स बेस्ट या तरुण साहाय्यकासह त्यांनी मे १९२१ मध्ये काम सुरू केले. वाहिनी बांधण्याची मुळात गरजच नव्हती. खाटिकखान्यातून आणलेल्या बैलाच्या ताज्या अग्निपिंडापासूनही अल्कोहॉलाच्या साहाय्याने क्रियाशील अर्क मिळतो, असे पुढे आढळले.

११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉमसन या १४ वर्षांच्या मुलास हा अर्क टोचण्यात आला. रक्तशर्करा थोडीच उतरली, टोचल्या जागी गळू झाले व उपचार थांबवावा लागला. डिसेंबरात गटात आलेले जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी मग अल्कोहॉलाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवून पाहिले. विशिष्ट प्रमाणास इतर बहुतेक प्रथिने साक्याच्या रूपाने खाली बसतात व इन्शुलीन विद्रावात राहते. सुमारे ९० टक्क्यांच्या वर तेही खाली बसते. हा शुद्धतर अर्क २३ जानेवारीस टोचल्यावर रक्तशर्करा एका दिवसात दर १०० मिलि. रक्तात ५२० मिग्रॅ. वरून १२० मिग्रॅ. वर आली. टॉमसन १९३५ पर्यंत जगला. परंतु मोठ्या प्रमाणावर उत्पादन करू जाता हीच कृती काही आठवडे फसत राहिली व रोग्यांना इन्शुलीन मिळेनासे झाले.

बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी आपले एकस्व (पेटंट) १९२३ मध्ये विद्यापीठास प्रत्येकी १ डॉलरला दिले. त्याच वर्षीचे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड यांना विभागून मिळाले. बेस्ट यांना वगळल्याने बँटिंग संतप्त झाले व त्यांनी आपल्या रकमेचा निम्मा वाटा बेस्ट यांना दिला. मॅक्लाउड यांनी कॉलिप यांना दिला. बूकारेस्टचे नीकोलाये पाउलेस्कू यांनी अशाच अर्काने कुत्र्यांतील रक्तशर्करा उतरते, हे ऑगस्ट १९२१ मध्ये प्रसिद्ध केले होते. बँटिंग व बेस्ट यांच्या १९२२ च्या निबंधात या कार्याचा उल्लेख आहे, पण निष्कर्ष चुकीचा दिला आहे. पाउलेस्कू यांच्या हयातीत त्यांच्या हक्काची दखल घेतली गेली नाही.