शब्दाचा वार

माझा भाचा मित्रांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. त्यातला भाट नुसत्या टोमण्याने शत्रूला जखमी करतो. ऐकून मला आपले कलगी-तुऱ्याचे फड आठवले. तुरेवाले शिवाची थोरवी गात, कलगीवाले शक्तीची. भेदिक लावणीतून कूट सवाल पडे आणि जबाब न सुचलेला शाहीर भर सभेत हरे. तिथे शब्द हेच हत्यार.

रणांगणाची रीत वेगळी. बीड जिल्ह्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवनाला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला. हा निकाल तलवारीचा. शाहिराचे काम त्यानंतरचे : अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने पोवाडा रचला, तो विजयानंतरच. शब्दाने लढाई जिंकली नाही, पण ती कोणाच्या बाजूने आठवायची हे ठरवले.

विठ्ठल सुंदरही मराठी माणूसच. त्याची बाजू कोणी गायची? फडात हरलेल्याला पुढच्या जत्रेत जबाब देता येतो, रणात पडलेल्याला नाही. म्हणून पोवाडा ऐकताना समोरच्या बाजूचा सवाल मी मनातल्या मनात टाकून पाहतो.