घड्याळजींचा उंदीर

देवांच्या वाहनांत उंदीर हे सर्वांत लहान वाहन. आणि ते नेमके विद्येच्या देवतेच्याच वाट्याला यावे, याचे मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे. पुढे विद्येचा बराचसा कारभार संगणकाकडे गेला, तर त्याच्याही पायाशी उंदीरच येऊन बसला! अमेरिकेतल्या ज्या मंडळींनी हे बारसे केले, त्यांच्या मनात गजानन असण्याचे काही कारण नव्हते. लाकडाच्या एका ठोकळ्याला मागून तार लोंबत होती, एवढ्यावरून ते त्याला ‘माउस’ म्हणू लागले. हे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाले, ते पुढे त्यांनाही आठवेना. फ्रेंचांनी सरळ भाषांतर करून ‘सुरी’ म्हटले; त्यांच्या भाषेत सुरी म्हणजे उंदीर. आपण मात्र ‘उंदीर’ म्हणायला लाजलो आणि ‘माउस’च म्हणत राहिलो.

तो ठोकळा ज्याच्या डोक्यातून निघाला, त्या डग्लस एंगलबार्टची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. नकाशावरचे क्षेत्रफळ मोजणारे प्लॅनिमीटर नावाचे एक साधन असते. त्यावरून त्याला एकमेकांशी काटकोनात बसवलेल्या दोन चाकांची कल्पना सुचली. १९६४ साली बिल इंग्लिश या त्याच्या सहकाऱ्याने ती प्रत्यक्षात आणली. पडद्यावरची खूण हलवण्यासाठी त्यांनी प्रकाशाची लेखणी, निरनिराळे दांडे, इतकेच काय पण मेजाखाली गुडघ्याने ढकलायचे एक यंत्रही करून पाहिले होते. त्या सर्वांत हा लाकडी उंदीर सरस ठरला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे हजारभर माणसांसमोर एंगलबार्टने तो चालवून दाखवला. १७ नोव्हेंबर १९७० रोजी पेटंट मिळाले, पण ते त्याच्या संस्थेच्या मालकीचे. त्या संस्थेने ते सुमारे ४० हजार डॉलर घेऊन अॅपल कंपनीला वापरू दिले. एंगलबार्टला मानधनाचा पैसाही लाभला नाही. २०१३ साली तो वारला.

पण कल्पना सुचणे निराळे आणि हजारो हातांखाली रोज घासली जाणारी वस्तू घडवणे निराळे. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात चाकांच्या जागी चेंडू आला, उंदीर अधिक सफाईने पळू लागला. परंतु त्याची किंमत! बर्कलीचा जॅक हॉली हे उंदीर करी आणि आपल्या कारखान्याला ‘माउस हाउस’ म्हणे. त्याच्या एका उंदराला चारशे डॉलरच्या आसपास पडत. एवढ्या पैशात त्या काळी एक लहानसा संगणकच घरी आला असता. मेजावरची धूळ चेंडूला चिकटून आत जाई, दांड्यांवर तिचा थर बसे, आणि पडद्यावरची खूण अडखळू लागे. संशोधकाला हे चालते. कारकुनाला चालत नाही.

इथे आपल्याला अमेरिका सोडून स्वित्झर्लंडला जायचे आहे. फ्रान्सच्या सरहद्दीला लागून ज्युरा पर्वताच्या रांगा आहेत. त्यांत समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंचीवर एक सरोवर आहे, आणि त्याभोवती व्हॅले द जू नावाचे खोरे. हिवाळा असा की सरोवर गोठून जाते आणि लोक त्यावर घसरगाड्या खेळतात. शेती वर्षातून काही महिनेच. उरलेल्या दिवसांत इथला शेतकरी खिडकीशी बाक ओढून घड्याळाचे भाग करीत बसे. शे-दोनशे वर्षांत या खिडकीशी बसलेल्या माणसांनी जगात नाव काढले. १८३३ साली आंत्वान लकूल्त्रने इथेच आपला कारखाना घातला, १८७५ साली ओदमार आणि पिगे यांनी आपला. ज्यांच्या घरी लग्नात जावयाला स्विस घड्याळ दिले जाई, त्यांना त्या देशाच्या घड्याळाची प्रतिष्ठा निराळी सांगायला नको.

या प्रतिष्ठेला १९६९ च्या नाताळात सुरुंग लागला. जपानच्या सायको कंपनीने क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्यात केसासारखी स्प्रिंग नाही, डुलणारे चाक नाही, आणि वेळ मात्र अचूक. किंमत प्रथम जबर होती, पण ती पाहता पाहता उतरली. १९७० साली स्वित्झर्लंडात सुमारे ९० हजार माणसे घड्याळाच्या धंद्यात होती. पुढच्या पंधरा वर्षांत ती ३० हजारांच्या आसपास आली. या आकड्याकडे मी मास्तर म्हणून पाहतो, तेव्हा मला त्यात वर्गातली मुले दिसतात. बापाच्या शेजारी बसून भिंगातून पाहायला शिकलेली, आणि शिकून झाल्यावर ज्यांच्या विद्येला कोणी विचारीना अशी.

अशा दिवसांत लोझानच्या तंत्रशास्त्र संस्थेतले प्राध्यापक झां-दानिएल निकू यांनी उंदराचे काम हाती घेतले. त्यांच्या जोडीला आंद्रे गिन्यार होता. हा गृहस्थ अभियंता तर होताच, पण घड्याळजीही होता, आणि माझ्या मते साऱ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. चेंडू फिरला की त्याला टेकलेले दोन बारीक दांडे फिरतात. एक आडव्या चालीचा, दुसरा उभ्या चालीचा. फळ्यावर आपण आलेख काढताना दोन अक्ष काढतो, तेच हे. प्रत्येक दांड्याच्या टोकाला खाचा पाडलेली एक चकती. चकतीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा डोळा. चकती फिरते तसा उजेड दिसतो, झाकतो, पुन्हा दिसतो. जितक्या वेळा दिसला तितकी पावले उंदीर चालला. डोळे दोन, आणि एकमेकांपासून किंचित सरकवलेले. आधी कोणता उघडला यावरून उंदीर पुढे गेला की मागे, हे कळते. आता हे दांडे, हे टेकू, ही हलकी चकती, ना घट्ट ना सैल अशी फिरणारी, हे सगळे घड्याळजीच्या बोटांना नवे नव्हते. निराळे होते ते एवढेच, की हे यंत्र काळ मोजीत नव्हते, अंतर मोजीत होते.

१९८० च्या सुमारास देप्रा या कंपनीने हा उंदीर त्या खोऱ्यात बनवायला घेतला. त्याची पाठ अर्धगोल, तळहातात लिंबाची फोड धरावी तशी. पुढच्या बाजूला तीन कळा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांच्यासाठी एकेक. झुरिकचे प्राध्यापक निक्लाउस व्हिर्ट यांनी झेरॉक्सकडचे यंत्र पाहून येऊन ‘लिलिथ’ हा आपला संगणक केला, त्याला हाच उंदीर जोडला. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या ‘ब्लिट’ या यंत्राजवळ १९८२ साली जो तांबडा उंदीर बसला, तोही याच घराण्यातला. जिथे या वस्तूचा जन्म झाला, त्याच देशात ती स्विस खोऱ्यातून जाऊ लागली, ही मोठी मौज आहे.

ती तिकडे पोहोचवायला आणखी माणसे लागली. दानिएल बोरेल हा स्विस तरुण आणि पिएरलुईजी झापाकोस्ता हा इटालियन, यांची ओळख स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली होती. जाकोमो मारिनी त्यांना येऊन मिळाला. २ ऑक्टोबर १९८१ रोजी, म्हणजे आपल्या गांधीजयंतीच्या दिवशी, लोझानजवळच्या आप्ल या खेड्यात एका शेतघरात त्यांनी लॉजिटेक ही कंपनी काढली. (गावाच्या नावाचा अॅपल कंपनीशी काडीचाही संबंध नाही.) खरे तर त्यांना संगणकाच्या आज्ञावल्या लिहून विकायच्या होत्या. फ्रेंच भाषेत आज्ञावलीला ‘लोजिसिएल’ म्हणतात, त्यावरूनच कंपनीचे नाव. उंदीर हा त्यांच्या वाटेत आडवा गेला म्हणायचा. १९८२ साली त्यांनी निकूंचा उंदीर विकायला घेतला, १९८४ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे काम मिळाले, आणि आज्ञावल्या मागे पडल्या. १९८५ साली त्यांनी सामान्य गिऱ्हाइकासाठी ९९ डॉलरचा उंदीर काढला. त्याच साली रने सोमर याने उंदराच्या पोटात एक सूक्ष्म प्रक्रियक बसवला. म्हणजे चार शहाणपणाच्या गोष्टी तो आता स्वतःच जाणू लागला.

इकडे कॅलिफोर्नियातही किंमत पाडण्याची खटपट चालली होती. स्टीव्ह जॉब्झला पंधरा डॉलरच्या आत बनणारा उंदीर हवा होता. डीन होव्ही या आराखडाकाराने घामाच्या सुवासिक औषधाच्या बाटलीतला गोळा आणि लोण्याचे झाकण घेऊन नमुना जुळवला, असे तो स्वतः सांगतो. जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला आणि उंदीर घरोघर जाण्याची सुरुवात झाली.

पंधरा डॉलर हा आकडा एकदा उच्चारला गेल्यावर खोऱ्यातल्या बाकाचे दिवस भरत आले. घड्याळजी एकेक दांडा बसवून पाहतो; साच्यातून पडणाऱ्या प्लास्टिकला पाहण्याची गरज नसते, बिघडले तर टाकून देतात. १९८६ साली लॉजिटेकने तैवानमध्ये कारखाना घातला. १९८८ साली तिचे भाग झुरिकच्या बाजारात आले. १९९४ साली चीनमधील सुझौ शहरात मोठा कारखाना उभा राहिला. डिसेंबर २००८ मध्ये कंपनीने आपला शंभर कोटीवा उंदीर बाहेर काढला.

दरम्यान उंदराच्या पोटातला चेंडूही गेला. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने काढलेल्या उंदराला मेजाचे चित्र घेणारा डोळाच बसवला होता. दांडे, टेकू, खाचांची चकती, घड्याळजीने हात लावावा असे काहीच त्यात उरले नव्हते. आणि व्हॅले द जू? तिथे पुन्हा घड्याळेच होतात. लोक वेळ पाहायला नव्हे, तर हाताने घडवलेली वस्तू मनगटावर मिरवायला ती घेतात, आणि जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे लाखांत किंमत मोजतो. हिवाळ्यात सरोवर गोठते, आणि खिडक्यांशी दिवे लागतात.