नक्कल आणि खूण

वाचकहो, गावचे सारे दप्तर एकाच चावडीत ठेवले आणि चावडीलाच आग लागली, तर? नक्कल दुसरीकडे असलेली बरी, हे आपण जाणतोच. संगणकाच्या जगालाही हाच धडा गिरवावा लागला.

अमेरिकेतील लिंक्डइन कंपनीत जे क्रेप्स, जुन राओ आणि मूळच्या पुण्याच्या नेहा नारखेडे यांनी ‘काफ्का’ ही निरोपव्यवस्था उभारली. २०११ साली ती सर्वांना खुली झाली. तिच्यात प्रत्येक निरोप वहीतील नोंदीसारखा क्रमांकाने उतरतो आणि वाचणारा ‘इथवर वाचले’ अशी खूण ठेवतो. एका केंद्रातील यंत्रे एकमेकांच्या नकला ठेवतातच. पण अख्खे केंद्रच बंद पडले तर? त्यासाठी ‘मिररमेकर’ निघाला. एका केंद्रातून वाचायचे, दुसऱ्यात लिहायचे. नकला उतरवणारा कारकूनच म्हणा ना!

पण गंमत पाहा. दोन्ही वह्यांचे क्रमांक जुळतीलच असे नाही. पहिलीतील ५०० वी नोंद दुसरीत ३०० वी असेल, आणि जुनी खूण धरून वाचू लागलो, तर मधल्या नोंदी सुटल्याच!

डिसेंबर २०१९ मध्ये नवा मिररमेकर आला. तो खुणांचे क्रमांकही बदलून देतो. शिवाय नकलेच्या नावाआधी मूळ केंद्राचे नाव लावतो. त्यामुळे नकलेची नक्कल फिरून मूळ घरी येत नाही. तरी कारकून मागूनच लिहिणार; शेवटच्या चार नोंदी राहून जाऊ शकतात.

तेव्हा नक्कल आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. तीवरून काम पुढे चालते का, हे आग लागण्यापूर्वीच पाहून ठेवावे.