विमान नाही, मोबाइल नाही, तरीही जगभर : ‘रेस अक्रॉस द वर्ल्ड’

‘रेस अक्रॉस द वर्ल्ड’ ही ब्रिटनच्या बीबीसी वाहिनीवरील दूरप्रवासाची स्पर्धात्मक मालिका आहे. दोघांच्या जोड्या ठरावीक रक्कम घेऊन हजारो किलोमीटरचा प्रवास जमीन आणि पाण्याच्या मार्गाने करतात; विमानाला मनाई असते. ‘स्टुडिओ लॅम्बर्ट’ या संस्थेची निर्मिती असलेली ही मालिका मार्च २०१९ मध्ये ‘बीबीसी टू’वर सुरू झाली. २०२० मध्ये तिला वास्तवदर्शी कार्यक्रमांच्या गटातील ‘बाफ्टा’ पुरस्कार मिळाला. २०२३ पासून ती ‘बीबीसी वन’ या मुख्य वाहिनीवर दाखवली जाते. २०२५ मधील पाचव्या पर्वाची अंतिम रेषा कन्याकुमारीला होती. त्यामुळे भारतीय प्रेक्षकांचेही लक्ष तिच्याकडे वेधले गेले.

स्पर्धेचे नियम

प्रत्येक पर्वात साधारणतः पाच जोड्या असतात. पती-पत्नी, आई-मुलगा, भाऊ-भाऊ, मामा-भाचे, मैत्रिणी असे त्यांचे नाते असते. प्रवासाच्या आरंभी मोबाइल आणि बँकेची कार्डे काढून घेतली जातात. इंटरनेटचा आधार नसतो. प्रत्येकाला रोख रक्कम मिळते आणि तिचे गणित मोठे बोलके आहे : आरंभस्थानापासून अंतिम स्थळापर्यंतच्या विमान तिकिटाला जेवढे पैसे लागतील, तेवढेच. लंडन ते सिंगापूर या पहिल्या पर्वात ही रक्कम माणशी १,३२९ पौंड होती. जे अंतर विमान एका दिवसात तोडते, त्यासाठी लागणाऱ्या पैशांत सुमारे पन्नास दिवसांचा प्रवास, निवास आणि जेवण भागवायचे, असा हा पेच आहे.

पैसे अपुरे पडणार हे गृहीतच असते. त्यामुळे वाटेत काम करून कमाई करण्याची मुभा दिलेली आहे. शेतावर, खानावळीत, अतिथिगृहात राबून स्पर्धक चार पैसे जोडतात किंवा कामाच्या बदल्यात निवारा मिळवतात. मार्ग काही टप्प्यांत विभागलेला असतो. टप्प्याच्या शेवटी असलेल्या नोंदवहीत नाव लिहिताना आपला क्रमांक कितवा, हे जोडीला कळते. पुढील टप्प्यावर निघण्याचा क्रम आधीच्या टप्प्यावर पोहोचण्याच्या क्रमाप्रमाणे ठरतो. अंतिम ठिकाणी प्रथम पोहोचणाऱ्या जोडीला २० हजार पौंडांचे पारितोषिक मिळते.

आजवरचे मार्ग

पहिल्या पर्वातील जोड्या लंडनच्या ग्रीनिचहून निघाल्या आणि युरोप, कॉकेशस, मध्य आशिया, चीन व आग्नेय आशिया ओलांडून सिंगापूरला पोहोचल्या. दुसरे पर्व मेक्सिको सिटीपासून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उश्वाया शहरापर्यंतचे होते. ते मार्च २०२० मध्ये दाखवले जाऊ लागले आणि त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये टाळेबंदी लागू झाली. दाराबाहेर पडण्याची चोरी झालेल्या लाखो घरांत त्या वेळी अँडीजमधील बसप्रवास पाहिला जात होता. महासाथीमुळे तिसऱ्या पर्वाला २०२३ उजाडले. कॅनडातील व्हँकूव्हर ते सेंट जॉन्स अशी ती शर्यत दोन मैत्रिणींनी जिंकली. त्यांतील एक अंशतः दृष्टिहीन होती. २०२४ मध्ये जपानमधील सापोरो ते इंडोनेशियातील लोम्बोक असा मार्ग होता.

पाचव्या पर्वात चीनच्या महाभिंतीपासून नेपाळमार्गे भारतात येऊन द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत जायचे होते. हे अंतर सुमारे १४ हजार किलोमीटरचे होते. आई आणि मुलाच्या जोडीने हे पर्व जिंकले. भारतीय टप्प्यांत आगगाडीचे आरक्षण, रात्रीच्या बस आणि फलाटावरील गर्दी यांच्याशी स्पर्धकांची गाठ पडली. आपल्याकडे सुट्टीत गावी जाणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला यात नवल वाटणार नाही. मात्र मोबाइल नसताना केवळ विचारपूस करत वाट शोधणे आता आपल्याकडेही दुर्मीळ होत चालले आहे.

२०२३ पासून नामवंतांची स्वतंत्र आवृत्तीही निघते. तिच्या पहिल्या पर्वाचा मार्ग मोरोक्कोतील माराकेशपासून नॉर्वेतील ट्रोम्सोपर्यंत होता.

शर्यतीची जुनी परंपरा

जगप्रदक्षिणेची शर्यत ही कल्पना दूरचित्रवाणीहून बरीच जुनी आहे. ज्यूल व्हर्न यांच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाच्या कादंबरीचा नायक मुंबईत उतरून रेल्वेने कोलकात्याकडे निघतो. नोव्हेंबर १८८९ मध्ये अमेरिकी पत्रकार नेली ब्लाय त्या काल्पनिक विक्रमाला आव्हान देण्यासाठी निघाल्या आणि ७२ दिवसांत परतल्या. त्याच वेळी दुसऱ्या नियतकालिकाने एलिझाबेथ बिसलंड यांना उलट दिशेने धाडले होते. वाचकांनी या चढाओढीचा रोज पाठपुरावा केला. आजच्या प्रवासस्पर्धांचे मूळ या वृत्तपत्रीय खटाटोपात सापडते.

दूरचित्रवाणीवर या प्रकाराला लोकप्रियता मिळवून दिली ती अमेरिकेच्या ‘द अमेझिंग रेस’ने. सप्टेंबर २००१ मध्ये ती सुरू झाली. पहिल्याच पर्वात स्पर्धक आग्र्याच्या ताजमहालापर्यंत आले होते. पुढे २००३ च्या पर्वात मुंबई, तर २०२० मध्ये प्रसारित झालेल्या पर्वात हैदराबादही झळकले. तेथे विमानतळ हीच मुख्य रणभूमी असते, प्रत्येक मुक्कामी नेमून दिलेली कामगिरी पार पाडावी लागते आणि पारितोषिक दहा लाख डॉलरचे असते. बीबीसीच्या मालिकेने विमान आणि नेमून दिलेले खेळ दोन्ही वगळले. त्यामुळे दोन शहरांमधला रस्ता हाच कार्यक्रमाचा विषय झाला.

गुण आणि मर्यादा

या मालिकेवर एक रास्त आक्षेप घेता येतो. प्रत्येक जोडीबरोबर चित्रीकरण करणारा चमू असतो. कॅमेरा समोर असताना अनोळखी माणूस मदतीला धावणे आणि एकट्या, पैसे संपलेल्या प्रवाशाला ती मदत मिळणे, यांत फरक आहे. शिवाय श्रीमंत देशातील नागरिकाची तात्पुरती चणचण म्हणजे गरिबी नव्हे. ज्यांना स्वस्त बसशिवाय पर्यायच नाही, त्यांच्या प्रवासाला शेवटी पारितोषिक नसते.

तरीही ही मालिका एक गोष्ट नेमकेपणाने दाखवते. रिकाम्या खिशाचा माणूस सीमा ओलांडतो तो बहुधा कोणीतरी गाडीत जागा दिल्यामुळे, घरी जेवू घातल्यामुळे किंवा योग्य बसचे नाव सांगितल्यामुळे. आणि पन्नास दिवस एकमेकांवर विसंबून राहिल्याने अनेक जोड्यांमधील जुना अबोला सुटतो. शर्यत एकच जोडी जिंकते. पण प्रवासातून बदलून परतणाऱ्यांमध्ये हरलेल्यांचीही गणना करावी लागते.