तळेगावचे दोन प्रयोग : समर्थ विद्यालय, पैसा फंड आणि असंतुष्ट तरुण

प्रस्तुत लेखात मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे येथे स्वदेशी चळवळीच्या काळात झालेल्या दोन प्रयोगांचा विचार केला आहे. १९०५ च्या वंगभंगानंतर शिक्षित तरुणांचा सरकारी शाळा व नोकरी यांवरील विश्वास डळमळू लागला. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिक येथे अनंत कान्हेरे या अठराएक वर्षांच्या तरुणाने जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. याच धामधुमीत तरुणांच्या संतापाला विधायक वळण देणारे कार्यही चालू होते. इतिहासलेखनात त्याची दखल मात्र ओझरती घेतली जाते.

विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षणासाठी स्थापलेले समर्थ विद्यालय तळेगावी नांदले. ‘विश्ववृत्त’ मासिकातील एका लेखावरून त्यांना कारावास झाला आणि १९१० मध्ये सरकारने विद्यालयच बंद पाडले. सुटकेनंतर त्यांनी तळेगावातच नवीन समर्थ विद्यालय उभे केले.

दुसरा प्रयोग अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाचा. प्रत्येकाने वर्षाकाठी केवळ एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, अशी ही कल्पना. रक्कम क्षुल्लक असल्यामुळेच ती गोळा करण्यास माणसे पुष्कळ लागत. व्याख्यान ऐकून घरी परतणाऱ्या तरुणाच्या हाती येथे काम आले. दारोदार फिरून परक्याच्या पैशाची जबाबदारी घेण्याचे. माझ्या मते फंडाचे खरे यश येथेच आहे. या निधीतून १९०८ मध्ये तळेगावी काच कारखाना निघाला. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांचे साहाय्य त्यास लाभले. येथे भट्टीवर तयार झालेले कारागीर पुढे देशातील अन्य काच कारखान्यांत गेले. विद्यालयात सरकारला राजद्रोह दिसला. काचेच्या भट्टीवर तसा आरोप ठेवणे तितके सोपे नव्हते.

तथापि या दोन्ही प्रयोगांची भाषा प्रामुख्याने साक्षर मध्यमवर्गाची होती. मावळच्या शेतकरी तरुणापुढील प्रश्न निराळा होता. १९११ पासून टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वळवण व शिरवता येथे तलाव बांधले गेले. १९२१ मध्ये शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. तो असंतोष जमिनीचा होता. वर्गणीचा पैसा वा राष्ट्रीय शाळा यांपैकी कशानेही बुडणारे शेत परत मिळणार नव्हते.