‘प्रेझेंट्‌ली’ : एका क्रियाविशेषणाचे अर्थांतर

इंग्रजीतील ‘प्रेझेंट्‌ली’ हे क्रियाविशेषण परिचित असल्यामुळेच जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकास चकवते. ब्रिटिश इंग्रजीत त्याचा रूढ अर्थ ‘थोड्या वेळाने’ असा आहे. अमेरिका, स्कॉटलंड व भारत येथे ते ‘सध्या’ या अर्थीही योजले जाते. सोळाव्या-सतराव्या शतकांत मात्र ‘तत्क्षणी’ हा त्याचा सर्वसामान्य अर्थ होता.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘प्राएसेन्स’, म्हणजे ‘समोर असलेला’, या शब्दात आहे. तो फ्रेंचद्वारा इंग्रजीत आला व पुढे त्यास ‘ली’ हा इंग्रजी प्रत्यय लागला. समोर असलेला क्षण या कल्पनेतून ‘सध्या’ आणि ‘विलंब न लावता’ हे दोन्ही अर्थ निष्पन्न झाले. ‘थोड्या वेळाने’ हा अर्थ मागाहून आला.

या स्थित्यंतराचा पुरावा बायबलच्या भाषांतरांत मिळतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात येशूच्या शब्दासरशी अंजिराचे झाड वाळल्याचा प्रसंग आहे. मूळ ग्रीक ‘पाराख्रेमा’ म्हणजे ‘तत्काळ’. १६११ च्या भाषांतरात त्यासाठी ‘प्रेझेंट्‌ली’ आहे. १८८१ च्या सुधारित आवृत्तीत ‘इमीजिएट्‌ली’ आहे. ग्रीक शब्दाचा अर्थ तोच होता. इंग्रजी शब्दाचा पालटला होता.

हे उदाहरण एकाकी नव्हे. ‘सून’, ‘अ‍ॅनॉन’ आणि ‘बाय अँड बाय’ हे शब्दही एके काळी ‘ताबडतोब’ या अर्थाचे होते. तिन्ही पुढे ‘लवकरच’ किंवा ‘कालांतराने’ या अर्थाकडे ढळले. याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. तत्परतेचे आश्वासन शब्दाने दिले जाते, कृतीस उशीर होतो आणि ऐकणारा त्या शब्दाचा अर्थ अनुभवावरून ठरवू लागतो. घरातून न निघालेल्या माणसाचे मराठी ‘आलोच’ याच जातीचे आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास हा केवळ कोशाचा प्रश्न नाही. सुरत, राजापूर व मुंबई येथील कंपनीच्या वखारवाल्यांची पत्रे याच सतराव्या शतकातील इंग्रजीत आहेत. शिवकालाविषयीची अशी पत्रे पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये संग्रहरूपाने प्रसिद्ध केली. राजापूरच्या लुटीच्या भरपाईचा प्रश्न १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हाही वाटाघाटींत होता. अशा व्यवहारात रक्कम ‘ताबडतोब’ द्यावयाची की ‘यथावकाश’, यावर उभय पक्षांच्या हेतूंची परीक्षा अवलंबून असते. तेथे ‘प्रेझेंट्‌ली’चे भाषांतर ‘लवकरच’ असे केल्यास निकडीची मागणी सौम्य भासेल, आणि ‘सध्या’ असे केल्यास वाक्याचा काळच बदलेल.

म्हणून अपरिचित शब्दासाठी कोश उघडणे पुरेसे नाही. परिचित शब्दही त्या पत्राच्या शतकातील प्रयोगांशी ताडून घेतला पाहिजे. कारण अपरिचित शब्द वाचकास थांबवतो, परिचित शब्द मात्र त्यास चुकीच्या वाटेने निःशंकपणे पुढे नेतो.