जंतू, उंदीर आणि पिसू: मुंबई ते दमण या पट्ट्यातील रोगशोधाचा इतिहास

एखादा रोग जंतूमुळे होतो हे सिद्ध करायचे तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. रोग्याच्या शरीरात तो जंतू नेमाने सापडला पाहिजे. तो निरोगी प्राण्याच्या शरीरात गेल्यावर तोच रोग झाला पाहिजे. आणि जंतूची वाट अडवली की रोग हटला पाहिजे. युरोपात लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांनी या कामाचा पाया घातला. भारतात त्यातले काही महत्त्वाचे टप्पे मुंबई ते दमण या किनारपट्टीवर पडले. केळवे-माहीम, पालघर, बोईसर, तारापूर आणि डहाणू ही गावे याच पट्ट्यात येतात. गुजरातकडून येणारी लोहमार्गाची वाट १८६४ मध्ये मुंबईला पोहोचली. पुढे माणसे, धान्य आणि साथी याच वाटेने हलत राहिल्या.

जंतूंआधीच्या समजुती

एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात रोगाचे कारण देवी, भूतबाधा किंवा बिघडलेली हवा यांत शोधले जाई. अंगावर फोड आले की देवी आल्या म्हणत. वारली पाड्यांवर भगत तांदळाचे दाणे पाहून कोणता देव कोपला ते सांगे. पण सुशिक्षित डॉक्टरही फार वेगळे बोलत नव्हते. दलदल, कुजका पालापाचोळा आणि गटारे यांतून निघणारी दूषित हवा ताप आणते, असे तेही मानत. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच वाईट हवा असा आहे.

कारण न कळताही प्रतिबंध होऊ शकतो, याचे उदाहरण मात्र समोर होते. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. तिच्या हातावरच्या फोडातली लस पुढे इतरांना देण्यात आली. देवीच्या रोगाचा विषाणू कोणाच्या नजरेस पडला नव्हता, पण टोचलेल्यांना देवी येत नाहीत एवढे अनुभवाने कळले होते.

रक्तातील नागमोडी धागे

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले. त्यांच्यात एक विचित्र ताप पसरला. तो काही दिवस चढे, एकाएकी उतरे आणि आठवडाभराने पुन्हा येई. ग्रँट मेडिकल कॉलेजमधले हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८७७ मध्ये अशा रोग्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातील आकृत्या काढणारे कार्टर हेच. ताप चढलेला असताना रक्तात मळसूत्रासारखे वळसे घेणारे बारीक धागे वळवळताना दिसत, आणि ताप उतरला की ते नाहीसे होत. असेच धागे बर्लिनमध्ये ओटो ओबरमायर यांनी आधी पाहिले होते आणि १८७३ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली होती.

दिसले म्हणजे सिद्ध झाले असे नव्हते. धागे तापामुळे निर्माण होतात की ताप धाग्यांमुळे येतो, हा प्रश्न उरत होता. कार्टर यांनी रोग्यांचे रक्त माकडांना टोचले. माकडांना ताप आला आणि त्यांच्याही रक्तात तेच धागे दिसले. या तापावरचा त्यांचा ग्रंथ १८८२ मध्ये निघाला. कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तेही याच वर्षी.

मांडवीतील प्लेग

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे जाहीर केले. हा भाग धान्याच्या वखारींचा होता आणि तिथे आधीपासून उंदीर मरून पडत होते. रोग्याला तीव्र ताप येई आणि जांघेत किंवा काखेत गाठ उठे. म्हणून लोक त्याला गाठीचा ताप म्हणू लागले.

प्लेगचा जंतू या वेळी अनोळखी नव्हता. जून १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन आणि किटासाटो शिबासाबुरो यांनी तो शोधला होता. तो रोग्यापर्यंत कसा पोहोचतो हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. सरकारला शत्रूचे नाव कळले होते, त्याचा रस्ता कळला नव्हता. त्यामुळे सगळा जोर घरे, कपडे, गटारे आणि प्रवासी यांच्यावर आला. गटारांत कार्बोलिक ॲसिड ओतले गेले, कौले काढून घरे उघडी केली गेली, रोग्यांना जबरदस्तीने रुग्णालयात नेले गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला आणि रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी होऊ लागली.

भीती रोगाची होती आणि उपायांचीही. १८९७ च्या आरंभापर्यंत सव्वाआठ लाखांच्या मुंबईतून जवळपास निम्मे लोक निघून गेले. पुण्यात रोग्यांची सेवा करताना प्लेग होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी वारल्या. पुण्यातील प्लेग अधिकारी रँड यांच्यावर २२ जूनला चापेकर बंधूंनी गोळी झाडली. दरम्यान खेड्यांतल्या लोकांनी आपल्यापुरता एक नियम शोधून काढला होता. उंदीर पडू लागले की घर सोडायचे आणि रानात झोपड्या घालून राहायचे. त्यामागचे कारण त्यांना ठाऊक नव्हते, पण नियम बरोबर होता.

तुपाखाली वाढलेली लस

ऑक्टोबर १८९६ मध्ये जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या मनुष्यबळावर त्यांनी काम सुरू केले. प्लेगचा जंतू वाढवण्यासाठी त्यांनी मांसाचा रस घेतला. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालावे म्हणून तो बकऱ्याच्या मांसाचा होता. रसावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. जंतू या थेंबांच्या खालच्या अंगाला धरत आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली वाढत. बाटली हलवली की ते सुळके तुटून तळाशी बसत आणि वर नवे वाढू लागत. भरपूर जंतू तयार झाले की ते उष्णतेने मारून त्यांत कार्बोलिक ॲसिड मिसळले जाई. लस तयार झाली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. सगळे कैदी एकाच आवारात राहत आणि एकच अन्न खात, म्हणून लस घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची तुलना सरळ होती. ती लसीच्या बाजूने गेली.

त्याहून मोठी चाचणी दमणमध्ये झाली. बोईसरहून सरळ रेषेत सुमारे सत्तर किलोमीटर उत्तरेला असलेले हे गाव तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. १८९७ मध्ये तिथे प्लेग आला. खालच्या दमणची वस्ती ८,२३० होती. त्यांपैकी २,१९७ जणांनी लस घेतली आणि त्यांतले ३६ मेले. लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मेले. म्हणजे लस घेतलेल्यांत साठात एक आणि न घेतलेल्यांत चारांत एक असे मृत्यूचे प्रमाण पडले. जंतू मारून त्यांची लस केल्यावर मृत्यू एवढे घटत असतील, तर प्लेगचे मूळ त्या जंतूतच आहे, हे ओघाने आले.

लसीच्या इतिहासात एक काळा दिवसही आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. तपासात मात्र बाटलीचे बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडल्याचे निघाले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले.

उंदरापासून माणसापर्यंत

राहिलेले कोडे वाटेचे होते. पाश्चर संस्थेतर्फे भारतात आलेले पॉल-लुई सिमाँ यांच्या लक्षात एक विसंगती आली. नुकताच मेलेला उंदीर उचलणाऱ्याला प्लेग होतो, पण बऱ्याच वेळापूर्वी मेलेला उचलणाऱ्याला होत नाही. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले की त्यावरच्या पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधत निघून जातात. मग दोष उंदराचा नसून पिसवांचा असला पाहिजे. जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी एका बरणीत आजारी, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होऊ शकत नव्हता, तरी वरचा उंदीर प्लेगने मेला. रोग पिसवा वाहून नेतात हा निष्कर्ष बहुतेकांनी मानला नाही.

तो पक्का झाला मुंबईत, परळला. तिथल्या जुन्या राजभवनात १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेग संशोधनशाळा हलवली होती. तिथे संशोधक ग्लेन लिस्टन आणि १९०५ मध्ये नेमलेले प्लेग संशोधन मंडळ यांनी आवारात छोट्या खोल्या बांधून गिनीपिगांवर प्रयोग केले. पिसवा नसलेल्या खोलीत निरोगी गिनीपिग आजारी गिनीपिगांच्या अंगाला अंग लावून राहिले, तरी त्यांना काही झाले नाही. पिसवा असलेल्या खोलीत मात्र आजाऱ्यांना न शिवताही ते मेले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला, दोन फुटांवरच्यांना झाला नाही. उंदरावरची पिसू सुमारे चार इंचच उडी मारू शकते, यात त्याचे उत्तर होते.

उरलेला दुवा १९१४ मध्ये बॅकॉट आणि मार्टिन या संशोधकांनी जोडला. पिसवेच्या अन्ननलिकेत जंतू वाढून मार्ग बंद होतो. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि अडलेले रक्त जंतूंसह जखमेत उलटते. जंतू दिसल्यापासून त्याची वाट परळला सिद्ध व्हायला अकरा-बारा वर्षे गेली होती. तेवढ्या काळात झालेली जबरदस्ती, दंगे आणि पळापळ यांतला बराच भाग या अज्ञानाच्या खात्यावर मांडावा लागतो. परळच्या संशोधनशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

हिवतापाची काचपट्टी

पालघरच्या पट्ट्यात प्लेगपेक्षा जुना आणि चिवट शत्रू म्हणजे हिवताप. पावसाळ्यानंतर भातखाचरांत आणि घाटपायथ्याच्या ओढ्यांत डास वाढतात. हिवतापाचा परजीवी १८८० मध्ये अल्फाँस लाव्हराँ यांनी रक्तात पाहिला आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात सापडला. वाईट हवेचा सिद्धांत यानंतर टिकला नाही.

आजही प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाचा रोगी आला की त्याचे बोट सुईने टोचतात, काचपट्टीवर रक्ताचा एक जाड थेंब आणि एक पातळ थर घेतात, आणि रंग देऊन ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रक्तात रोगाचे कारण शोधण्याचे हेच काम १८७७ मध्ये कार्टर यांनी केले होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील औषध कारखान्यांच्या प्रयोगशाळांत नमुना आगरच्या बशीवर पसरून उबदार कपाटात ठेवतात आणि त्यावर जंतूंचे ठिपके उगवतात का ते पाहतात. ही रीत कॉख यांच्या प्रयोगशाळेत घडली.

१९९४ ची सुरत

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. लाखो लोक शहर सोडून निघाले आणि त्यांतल्या अनेकांनी मुंबईकडची गाडी धरली. डहाणू, बोईसर आणि पालघरवरून जाणारा लोहमार्ग तोच होता. १८९७ मध्ये लोक मुंबईतून बाहेर पळाले होते, आता दिशा मात्र उलट होती. मृतांची संख्या पन्नासच्या आसपास राहिली, कारण टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या हाती होत्या. जंतू वेळेवर वाढवून ओळख पटवण्यात दिरंगाई झाली, म्हणून हा प्लेगच का, यावर बराच काळ वाद चालला. रोग्यांपासून मिळालेल्या जंतूंच्या जनुकीय तपासणीने तो मिटवला. हाँगकाँगमध्ये सापडला होता, तोच तो जंतू निघाला.